टेस्टर पेटला नाही म्हणजे लाईन बंद आहे का?

प्रश्न थोडक्यात असा : सोलापुरात पूर्व भागात खाली लूमची शेड आणि वर राहतं घर. शेडमधला एक स्टार्टर आणि त्याच्या पुढची वायर बदलायची आहे. मेन स्विच बंद केला, स्क्रू ड्रायव्हरवाला टेस्टर लावला आणि दिवा पेटला नाही, तर हात घालायला हरकत आहे का? घरात इन्व्हर्टर आहे. शिवाय मोहोळकडे शेतावरच्या मोटरचंही असंच काम निघालंय.

हरकत आहे. टेस्टर न पेटण्याची कारणं अनेक असतात, लाईन बंद असणं हे त्यातलं फक्त एक. टेस्टरवर किंवा मीटरवर दिसणाऱ्या शून्याला अर्थ कधी येतो? त्याच जागी, त्याच साधनाने, थोड्या वेळापूर्वी तुम्ही 230 किंवा 415 व्होल्ट पाहिलेले असतील आणि तुम्ही स्वतः स्विच उघडल्यावर त्याचं शून्य झालेलं पाहिलं असेल, तेव्हाच. पुढचं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी टेस्टरचं बघू, कारण सोलापुरातल्या प्रत्येक वायरमनच्या खिशात तोच असतो. त्याच्या दांड्यात एक छोटा निऑन दिवा आणि मेगाओहमच्या आसपासचा रेझिस्टर असतो. प्रवाह तारेतून टेस्टरमध्ये, तिथून तुमच्या बोटातून अंगात आणि पायातून जमिनीत जातो. तो एक मिलीअँपिअरच्याही बराच खाली असतो, म्हणून झटका बसत नाही. पण याचा अर्थ तुम्ही स्वतःच त्या सर्किटचा एक भाग असता. कोरड्या लाकडी घोड्यावर, जाड रबरी चपला घालून उभे राहिलात तर उजेड मंद पडतो. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडच्या दारात, किंवा शेतात उघड्यावर, तो मंद केशरी ठिपका डोळ्यांना दिसतच नाही. दिवा जुना होऊन काळवंडला असेल तर सावलीतही दिसत नाही. शिवाय निऑन पेटायलाच साधारण 60 ते 90 व्होल्ट लागतात, म्हणजे 50 व्होल्ट असलेल्या तारेवर तो गप्पच बसणार. आणि पावसात भिजलेला किंवा तडा गेलेला टेस्टर उलट बोटालाच शॉक देतो.

पेटला तरी तो पूर्ण खरं सांगतो असं नाही. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतोय हा प्रकार सगळ्यांनी पाहिलेला असतो. न्यूट्रल कुठेतरी तुटलाय, आणि कुठला तरी पंखा किंवा दिवा चालू राहिल्यामुळे फेज त्यातून फिरून न्यूट्रलच्या तारेवर आलाय. अशा वेळी घरातलं काहीच चालत नाही, मल्टिमीटर फेज-न्यूट्रलमध्ये शून्य दाखवतो, आणि दोन्ही तारा मात्र माणूस मारायला पुरेशा असतात. लाईट गेलीये असं समजून जोड उघडणाऱ्याचा घात इथेच होतो. म्हणून निऑन टेस्टर एवढ्याच कामाचा : पेटला तर हात लावू नका. पेटला नाही तर अजून काहीच कळलेलं नाही.

तारेजवळ नुसता धरल्यावर बीप करणारा पेन टेस्टर त्याहून सोयीचा वाटतो, पण आर्मर्ड केबल किंवा लोखंडी कंड्युट मध्ये आलं की त्याला काही कळत नाही. डीसी त्याला मुळीच कळत नाही, सेल उतरला की तो तसाच शांत राहतो. चालू तार शोधायला चांगला, बंद सिद्ध करायला नाही.

बंद सिद्ध करायचं साधन म्हणजे दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर : दोन दांडे, मध्ये वायर, एका दांड्यावर दिव्यांची रांग किंवा आकडा. तो तुमच्या अंगावर अवलंबून नसतो, एसी-डीसी दोन्ही दाखवतो, आणि चांगल्या प्रतीच्यात बटण दाबून थोडा भार टाकता येतो. घेताना कॅट थ्री (सुरक्षेचा दर्जा) 600 व्होल्ट किंवा त्यावरचा शिक्का पाहा, बोटं पुढे घसरू नयेत म्हणून दांड्याला कड आहे का पाहा, आणि टोकाचा उघडा धातू 4 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. लांब उघडी टोकं स्टार्टरच्या दाटीत दोन फेजना एकदम टेकली की चेहऱ्यासमोर आगीचा लोळ उठतो.

मल्टिमीटरही चालतो, पण खोटं शून्य दाखवायच्या त्याच्या तऱ्हा जास्त. नॉब चुकून डीसीवर राहिला तर 230 व्होल्ट एसीवर तो शून्याच्या आसपास दाखवतो. होल्डचं बटण दाबलेलं राहिलं तर मघाचाच आकडा गोठून राहतो. लीडची वायर आत मोडलेली असली तर सगळंच शून्य. सगळ्यात घातक म्हणजे मागच्या वेळी अँपिअर मोजताना लाल लीड 10 अँपिअरच्या भोकात घातलेली तशीच राहणं. मग तुम्ही मोजत नसता, थेट शॉर्ट करत असता. स्वस्तातल्या मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूजही नसतो.

टेस्ट लॅम्प आपल्याकडे अजून जोरात आहे आणि त्याला नाव ठेवायचं कारण नाही, फक्त तो नीट बनवलेला हवा. सारख्या वॅटचे दोन फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये. दोन फेजमध्ये लावले तर प्रत्येकाला साधारण 207 व्होल्ट मिळून छान पेटतात, फेज-न्यूट्रलमध्ये लावले तर 115 मिळून मंद पेटतात. एकच बल्ब घेऊन चुकून दोन फेजना लावला तर 415 व्होल्टला तो हातात फुटतो. एलईडी बल्ब यासाठी घेऊ नका, ते नुसत्या इंडक्शनच्या व्होल्टेजवरही लुकलुकतात. अर्थच्या तारेला हा लॅम्प लावताना भान ठेवा : त्यातून पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो, आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) पडतो, आणि अर्थिंग खराब असेल तर त्या अर्थला जोडलेल्या सगळ्या मशीनच्या बॉडीवर तेवढा वेळ व्होल्टेज चढतं. अर्थकडचं मोजमाप टेस्टरने किंवा मीटरनेच करा.

आता शेडमधलं काम क्रमाने.

सुरुवात स्विच बंद करण्यापासून करू नका. आधी स्टार्टर चालू असताना, जिथे हात घालणार आहात त्याच टर्मिनलवर, मीटरने आकडा घ्या. दोन-दोन फेजमध्ये 400 ते 415, फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास. ही पायरी बहुतेक जण गाळतात. ती गाळली की पुढचं शून्य तुम्ही बंद केलेल्या स्विचमुळे आलं, की त्या क्षणी पोलवरूनच लाईट गेली होती, की टोक नीट टेकलंच नव्हतं, हे सांगता येत नाही. अर्थच्या तारेबाबत तर हे फारच महत्त्वाचं. फेज आणि अर्थमध्ये शून्य आलं, पण ती अर्थची तारच तुटलेली असली तर फेज चालू असूनही शून्यच येणार. सोलापूरची जमीन उन्हाळ्यात वाळून कोरडी ठक्क होते, अर्थच्या खड्ड्यात महिनोन्महिने पाणी पडलेलं नसतं, तिथे हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. लाईन चालू असताना फेज-अर्थ 230 दिसले तर निदान तार सलग आहे एवढं कळतं. खड्डा चांगला आहे की नाही हे मीटर सांगणार नाही, त्याला अर्थ टेस्टरच लागतो.

आकडा मिळाला की स्टार्टरच्या लाल बटणाने मोटर थांबवा, भार काढा, आणि मग मेन किंवा त्या लूमचा स्विच उघडा. लाल बटण म्हणजे आयसोलेशन, म्हणजे लाईन पूर्ण तोडणं, नव्हे, हे जॉबरलाही (मागांच्या मिस्त्रीलाही) सांगून ठेवा. ते फक्त कॉन्टॅक्टरची (स्टार्टरमधल्या चुंबकी स्विचची) कॉइल सोडतं. वरच्या तीन टर्मिनलवर पूर्ण 415 असतात, आणि कॉन्टॅक्ट चिकटले असतील तर खालच्यावरही.

आयसीटीपीएन (लोखंडी पेटीतला, हँडलचा थ्री फेज) मेन असेल तर हँडल खाली केल्यावर झाकण उघडून पाती डोळ्यांनी पाहा. जुन्या मेनमध्ये एखादं पातं जबड्यातच अडकून राहतं, किंवा दांड्यापासून सुटून तिथेच उभं राहतं आणि हँडल मात्र पूर्ण खाली येतं. लूमच्या शेडमध्ये कापसाचे तंतू आणि तेल मिळून आत थर बसतो, जबडे तापून काळे पडतात, त्यामुळे हे तिथे जास्त होतं. एमसीबी आणि एमसीसीबीमध्ये (मोठ्या एमसीबीमध्ये) पाती दिसत नाहीत, म्हणून तिथे मोजण्यावरच भिस्त. जुन्या किटकॅटची (चिनीमातीच्या फ्यूजची) चेष्टा खूप होते, पण एका बाबतीत तो उत्तम : तीनही ग्रिप खेचून काढा आणि स्वतःच्या खिशात घाला. तुमच्या खिशातलं किटकॅट दुसरा कोणी बसवू शकत नाही. पण रिकाम्या बेसच्या वरच्या बाजूला लाईन असतेच, तिथे बोट जाऊ देऊ नका. आणि मेनच्या इनकमिंग टर्मिनलवर, मीटरकडून येणाऱ्या तारांवर, तुम्ही काहीही केलं तरी लाईन राहणार. त्याचा फायदा पुढे होतो.

मग कुलूप. एमसीबीच्या खटक्यावर बसणारा छोटा क्लिप आणि साधं कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. आयसीटीपीएनच्या हँडलला बहुतेक वेळा कुलपाचं भोक असतंच. पाटी लावा, आणि पूर्व भागातल्या शेडमध्ये ती फक्त मराठीत लावून भागणार नाही. मागावर तेलुगू बोलणारे असतात, कानडी असतात, हिंदीवाले असतात. काम चालू आहे, स्विच लावू नका, एवढं सगळ्यांना वाचता येईल असं लिहून घ्या आणि तोंडीही सांगा. लूम थांबला की पगार थांबतो, त्यामुळे कोणीतरी मेन वर करून बघतोच. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो.

आता मोजणी. आधी टेस्टर चालू जागी लावून बघा : मेनची इनकमिंग बाजू हातातच आहे. तिथे दाखवला, मग कामाच्या जागी लावा, आणि परत इनकमिंगला लावून बघा. मधल्या मोजणीत टेस्टर बिघडला नव्हता हे शेवटच्या लावण्याने कळतं. ही तिसरी पायरी आळसाने सुटते. सेल संपणं आणि लीड तुटणं मुहूर्त बघून होत नाही.

थ्री फेजला कामाच्या जागी दहा जोड्या मोजायच्या असतात. आर, वाय, बी ही तीन फेजची नावं : आर-वाय, वाय-बी, बी-आर या तीन. प्रत्येक फेज न्यूट्रलशी, तीन. प्रत्येक फेज अर्थशी, तीन. आणि न्यूट्रल-अर्थ, एक. सिंगल फेजला तीनच : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. दोन फेजमध्ये शून्य आलं म्हणजे दोन्ही बंद असं नसतं. मेनचं एकच पातं अडकलेलं असेल, तर तो एकच फेज मोटरच्या वाइंडिंगमधून फिरून तिन्ही टर्मिनलवर येतो. तिन्हींवर एकच व्होल्टेज, म्हणून आपसात मोजलं की तिन्ही जोड्या शून्य. न्यूट्रल किंवा अर्थकडे मोजलं की 230. मोटर जोडलेली असताना आर-वाय, वाय-बी, बी-आर एवढ्यावर थांबणारा इथे फसतो, आणि दहातल्या उरलेल्या जोड्यांचं खरं काम हेच. न्यूट्रल-अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट दिसणं चालतं. त्याहून बरेच दिसले तर न्यूट्रल ढिला आहे किंवा त्यावर दुसऱ्याचा प्रवाह वाहतोय. कारण सापडेपर्यंत तो न्यूट्रल चालू समजा.

कधी कधी शून्याऐवजी 30, 60, 90 व्होल्ट असा आकडा येतो आणि माणूस बुचकळ्यात पडतो. डिजिटल मीटरचा आतला रोध 10 मेगाओहमच्या आसपास असतो. एकाच पाइपमधून चालू तारेच्या शेजारून लांबवर गेलेल्या बंद तारेवर जे नुसतं कपॅसिटन्सचं व्होल्टेज चढतं, तेही तो इमाने दाखवतो. त्याच जोडीला टेस्ट लॅम्प किंवा कमी रोधाचा टेस्टर लावा. आकडा लगेच कोसळून शून्य झाला तर ते इंडक्शनचं होतं. भार टाकल्यावरही टिकला तर कुठून तरी खरा सप्लाय येतोय. पण लॅम्प लावून बघण्याआधीच ‘हे इंडक्शन असेल’ असं म्हणून पुढे जायचं नाही.

खरा सप्लाय दुसरीकडून यायच्या जागा घराखालच्या शेडमध्ये बऱ्याच असतात, आणि तुमच्या प्रश्नातला धोका मला इथेच जास्त दिसतो.

पहिली जागा इन्व्हर्टर. मेन बंद केला की इन्व्हर्टरला लाईट गेल्यासारखं वाटतं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो बॅटरीवरून 230 व्होल्ट सोडतो. म्हणजे मेन बंद करणं हीच इन्व्हर्टर चालू करायची कृती झाली. उलट फक्त इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद केलं तर भागत नाही, कारण बहुतेक घरगुती इन्व्हर्टर बटण बंद असतानाही मेनची लाईन तशीच पुढे जाऊ देतात. दोन्ही बंद हवेत : मेन उघडा, इन्व्हर्टर बटणाने बंद करा, त्याचा इनपुट प्लग काढा, आणि आउटपुटची वायर डीबीत (एमसीबींच्या पेटीत) सोडवून टोकाला टेप लावा किंवा बॅटरीची एक तार काढून ठेवा. शेडमधला एखादा दिवा किंवा पंखा इन्व्हर्टरवर घेतलेला असतो, आणि ते फक्त ज्याने वायरिंग केलं त्यालाच माहीत असतं.

दुसरी, दोन मीटर. लूमचं कनेक्शन वेगळं, घराचं वेगळं. जिन्यातला दिवा वरून टू-वे आणि खालून टू-वे, एक फेज घराच्या मीटरवरून आणि दुसरा शेडच्या, असं वायरिंग जुन्या घरात सापडतं. शेडचा मेन बंद असताना शेडमधल्याच बोर्डात घराची लाईन जिवंत. म्हणून बोर्ड उघडला की कामाची तार तेवढी तपासून थांबू नका. बोर्डातली हाताला लागू शकेल अशी प्रत्येक तार मोजा. रंगावर विश्वास नको. लाल-पिवळा-निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ हे कागदावर. जुन्या शेडमध्ये जी वायर शिल्लक होती ती ओढलेली असते.

तिसरी, उसना न्यूट्रल. हा सगळ्यात फसवा, कारण तो बंद असल्याची चाचणी पास होतो. समजा तुमच्या सर्किटचा एमसीबी बंद आहे, फेज शून्य, न्यूट्रल-अर्थही शून्य. पण शेजारच्या सर्किटने परतीसाठी तुमचाच न्यूट्रल वापरलाय. जोपर्यंत जोड सलग आहे तोपर्यंत काहीच दिसत नाही. तुम्ही जोड उघडून तारा वेगळ्या केल्या की शेजारच्या पंख्यातून आलेला फेज त्या सुटलेल्या टोकावर उभा राहतो, आणि दोन हातांत दोन टोकं असली तर तुम्हीच परतीचा रस्ता होता. यावर उपाय क्लॅम्प मीटर, म्हणजे तार न तोडता तिच्याभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा. स्वतःचा एमसीबी बंद असताना, न्यूट्रलचा जोड उघडण्याआधी, त्या एकट्या तारेभोवती क्लॅम्प लावा. पाव-अर्धा अँपिअरही दिसला तर तो दुसऱ्याचा आहे. पंखे-दिवे चालू ठेवूनच ही तपासणी करा. शेजारचा भार बंद असेल तर क्लॅम्पलाही काही दिसणार नाही. आणि सापडला तर दोन्ही सर्किट बंद करूनच पुढे जा.

आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त होणारे बरेच असतात. तो फेजमधून अर्थकडे जाणाऱ्या प्रवाहावर 30 मिलीअँपिअरला पडतो. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल असेल तर त्याच्या दृष्टीने तुम्ही एक साधा बल्ब आहात. घामाने ओले हात असताना त्वचेचा रोध किती घसरतो हे इथल्या एप्रिल-मेमध्ये वेगळं सांगायला नको.

स्विच उघडल्यावरही उरणारी वीज कपॅसिटरमध्ये असते. पॉवर फॅक्टरसाठी पॅनेलमध्ये लावलेल्या कपॅसिटरमध्ये डिस्चार्ज रेझिस्टर असतात, तीन मिनिटांत व्होल्टेज 75 च्या खाली यावं अशी रचना असते. पण रेझिस्टर जळालेला असू शकतो, म्हणून पाच मिनिटं थांबा आणि मग डीसी रेंजवर तिन्ही जोड्या मोजा. एसी रेंजवर मोजलं तर भरलेला कपॅसिटरही बहुतेक मीटरवर रिकामा दिसेल. सिंगल फेज पंपाच्या 36 किंवा 50 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय सोडा. ठिणगीत टोक वितळतं, कपॅसिटर बाद होतो, डोळ्यात कण जातो. मघाचाच दोन बल्बांचा लॅम्प लावला की तो क्षणात शांतपणे रिकामा होतो. मग मोजा.

अक्कलकोट रोड किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत ड्राइव्हवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीवर) चालणारी मशीन असतील तर आणखी जपा. 415 व्होल्टच्या ड्राइव्हच्या डीसी बसवर साधारण 585 व्होल्ट डीसी असतात आणि स्विच उघडल्यावर ते हळूहळू उतरतात. ड्राइव्हच्या झाकणावर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं, पाच, दहा, पंधरा, तेवढं थांबा. मग प्लस आणि मायनस टर्मिनलवर डीसी मोजा. चार्जचा लाल दिवा विझला हा पुरावा धरू नका.

मोहोळच्या मोटरबद्दल. शेतावर सर्वांत मोठी फसगत म्हणजे लाईट नसताना काम करणं. कृषी फीडरची पाळी संपली, लाईट गेली, आता दुरुस्ती उरकून घेऊ, असा हिशोब असतो. त्या वेळी कुठलाही टेस्टर कुठेही लावला तरी शून्यच येणार, आणि त्या शून्यावरून तुम्ही योग्य स्विच उघडला की नाही हे अजिबात कळत नाही. टेस्टर तपासायला चालू जागाही जवळ नसते. त्यात स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की पन्नास-साठ सेकंदांत माणूस नसतानाही मोटर सुरू व्हावी म्हणूनच तो लावलेला असतो, आणि तुमचे हात कुठे आहेत हे त्याला माहीत नसतं. म्हणून शेतावरचं काम लाईट असतानाच करा : आधी चालू आकडा घ्या, ऑटो बंद करा, मग स्टार्टरच्या आधीचा मेन उघडून किटकॅट खिशात घाला, आणि मग मोजा. लाईट नसतानाच करावं लागलं तरी मेन उघडणं, किटकॅट काढणं, ऑटो बंद करणं हे सगळं लाईट असल्यासारखंच करा, आणि तार शेवटपर्यंत चालू धरूनच वागा.

मोटर फिरत नाही म्हणजे लाईन नाही, हेही खरं नसतं. फीडरवर थ्री फेज नसून फक्त सिंगल फेज सोडलेली असते तेव्हा मोटर गप्प असते आणि तारेवर फेज असतो. उजनीच्या फुगवट्याच्या काठावर किंवा एका विहिरीवर चार-पाच जणांच्या मोटरी असतील तर एकासारख्या एक काळ्या केबल शेजारी शेजारी पडलेल्या असतात. तुमचा मेन बंद, आणि कापताय ती केबल शेजाऱ्याची, असं होतं. केबल हाताने स्टार्टरपासून कामाच्या जागेपर्यंत ओढत-चाचपत या, दोन्ही टोकांना टेपची खूण करा. खात्री नसेल तर त्या काठावरचे सगळे मेन बंद करून घ्या, शेजाऱ्यांना सांगून. ओल्या मातीत उघड्या पायाने उभं राहून यातलं काहीही करू नका.

सौर पंप असेल तर नियमच बदलतो. पॅनेल उजेडात बंद होत नाहीत. एका पॅनेलचं उघडं व्होल्टेज साधारण 40 ते 50, दहा सिरीजमध्ये असतील तर 400 ते 500 व्होल्ट डीसी, आणि ते ढगाळ हवेतही फारसं उतरत नाही. कंट्रोलर बंद करा, डीसी आयसोलेटर उघडा, आयसोलेटरच्या पुढच्या बाजूला डीसीवर मोजा : प्लस-मायनस, प्लस-अर्थ, मायनस-अर्थ. आयसोलेटरच्या पॅनेलकडच्या बाजूला दिवसभर लाईन राहणार हे धरूनच चला. प्रवाह वाहत असताना पॅनेलचे कनेक्टर ओढून काढू नका. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी विझते. डीसीला तो शून्य नसतो, ज्योत तशीच ओढली जाते आणि हात भाजतो.

पोलवरची तार, डीपी (ट्रान्सफॉर्मर), डीओ (त्याचे फ्यूज), एबी स्विच (पोलवरचा उघडा स्विच) यांना तुम्ही हात लावायचा नाही, काठीनेही नाही. तिथे मोजून थांबत नाहीत. महावितरणचा माणूस फीडरचं परमिट घेतो, लाईन तपासतो आणि कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉडने ती अर्थ करतो. कारण लग्नाच्या मांडवातला एखादा जनरेटर चेंजओव्हर न लावता जोडलेला असला, तर त्याचे 415 व्होल्ट डीपीतून उलटे चढून 11 हजार होतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही तारेला हात लावण्याआधी ती अर्थ करून किंवा अन्य योग्य मार्गाने डिस्चार्ज करायची आणि काम चालू असताना ती चुकून चालू होणार नाही अशी तजवीज करायची, असंच सांगितलंय. पोलवरून तुमच्या मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर बदलायची असेल तर तेही महावितरणकडूनच. शेडमधलं थ्री फेजचं काम परवानाधारक तारतंत्रीकडून करून घ्या, आणि वर लिहिलेलं त्याच्याकडून करून घेण्यासाठी वापरा. दहा जोड्या मोजायला त्याला दोन मिनिटं लागतील.

मध्ये जेवायला किंवा चहाला गेलात तर परत आल्यावर मोजणी पहिल्यापासून, कुलूप तुमचंच असलं तरी. लाईन सोडताना आधी टर्मिनल आवळल्याची खात्री करा, हत्यारं मोजून परत घ्या, झाकण लावा, स्टार्टर बंद स्थितीत आणि ऑटो बंद ठेवून मेन वर करा, आणि सगळे फेज मिळतायत हे बघून मगच हिरवं बटण दाबा. थ्री फेजच्या तारा सोडवल्या होत्या तर मोटर उलटी फिरतेय का ते पट्टा चढवण्याआधी पाहा. उलटी असेल तर कुठल्याही दोन फेजची अदलाबदल, आणि त्यासाठी पुन्हा मेन बंद, कुलूप, मोजणी.